फाउंटन म्हणा किंवा हुतात्मा चौक: मुंबईच्या या चौकात मशाल का उभी आहे?

दक्षिण मुंबईत टॅक्सीवाल्याला ‘फाउंटन’ म्हटलं की त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. जुन्या पिढीतली माणसं त्याला ‘फौंटन’ म्हणतात. त्याच जागेला बसच्या पाटीवर, सरकारी कागदावर आणि आता मेट्रोच्या नकाशावरही ‘हुतात्मा चौक’ म्हणतात. चौक एकच, नावं दोन.

एका बाजूला दगडी कारंज्यावर उभी असलेली रोमन देवी. तिच्यापासून काही पावलांवर हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. आजूबाजूला बँका, वकिलांची ऑफिसं, ब्रँडेड कपड्यांची दुकानं, फुटपाथवरची पुस्तकं आणि वडापावची गाडी.

रोज हजारो लोक इथून जातात. त्यातल्या अनेकांना एवढंच माहीत असतं की ‘संयुक्त महाराष्ट्रासाठी इथे गोळीबार झाला होता’. पण तो इथेच का झाला? परळ-लालबागचे कामगार बँका आणि पेढ्यांच्या या भागात कशासाठी आले होते? या प्रश्नांची उत्तरं या चौकाच्या बाजारपेठेत आहेत. कारण भांडण याच बाजारपेठेचं होतं. देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर कोणाचं, हा तो वाद होता.

चौक नेमका कुठे आहे?

हुतात्मा चौक फोर्ट भागाच्या मधोमध आहे. उत्तरेकडून दादाभाई नौरोजी रोड, म्हणजे डी. एन. रोड, सीएसएमटीहून येतो. पश्चिमेकडून चर्चगेट स्टेशनच्या दिशेनं वीर नरिमन रोड येतो आणि चौक ओलांडून पूर्वेला हॉर्निमन सर्कलकडे जातो. दक्षिणेला महात्मा गांधी रोड काळा घोडा आणि रिगलच्या दिशेनं निघतो.

या रस्त्यांची जुनी नावंही अनेकांनी ऐकलेली असतात. डी. एन. रोड म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. महात्मा गांधी रोड म्हणजे एस्प्लनेड रोड. वीर नरिमन रोड म्हणजे चर्चगेट स्ट्रीट आणि हॉर्निमन सर्कल म्हणजे एल्फिन्स्टन सर्कल. ज्या दादाभाई नौरोजींच्या नावानं रस्ता ओळखला जातो, त्यांचा पुतळाही चौकाजवळच आहे.

चौकाची सगळ्यात मोठी सोय म्हणजे इथून दोन मोठी टर्मिनस चालत गाठता येतात. पश्चिम रेल्वेचं चर्चगेट आणि मध्य रेल्वेचं सीएसएमटी, दोन्ही साधारण दहा-बारा मिनिटांवर. म्हणजे विरारहून येणारा आणि कल्याणहून येणारा, दोघांनाही ऑफिससाठी ही जागा सारखीच परवडते. इथली दुकानं, हॉटेलं आणि ऑफिसं टिकून राहण्यामागे हे अंतर मोठं कारण आहे.

आधी इथे भिंत होती

‘फोर्ट’ हे नाव खऱ्याखुऱ्या किल्ल्यावरून पडलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या वस्तीभोवती तटबंदी बांधली. तिला तीन मुख्य दरवाजे होते. उत्तरेला बाजार गेट, दक्षिणेला अपोलो गेट आणि पश्चिमेला चर्च गेट.

चर्च गेट हे नाव सेंट थॉमस कॅथीड्रलवरून आलं. हे चर्च १७१८ मध्ये सुरू झालं आणि आजही हुतात्मा चौक आणि हॉर्निमन सर्कल यांच्यामध्ये उभं आहे. या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो दरवाजा होता, तो चर्च गेट. आजचा हुतात्मा चौक त्याच दरवाजाच्या परिसरात आहे. दरवाजा गेला, नाव मात्र पश्चिमेकडे सरकून रेल्वे स्टेशनला चिकटलं. चर्चगेट स्टेशनजवळ तो दरवाजा का दिसत नाही, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

तटाच्या बाहेर मोकळं मैदान होतं, ते एस्प्लनेड. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही मैदानं त्याचेच उरलेले तुकडे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तटाच्या आतली वस्ती दाटीवाटीची झाली होती आणि बाहेरून हल्ला होण्याची भीती उरली नव्हती. सर बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या काळात तट पाडण्यात आला. रस्ते रुंद झाले, नव्या इमारतींसाठी जागा मिळाली आणि जिथे शहर संपत होतं, तिथे शहराचा मध्य तयार झाला.

ही फ्लोरा कोण?

फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची आणि वसंत ऋतूची देवी. कारंज्याच्या टोकावर तीच उभी आहे. खाली पौराणिक आकृत्या, मासे, शिंपले असं कोरीवकाम आहे. कारंज्याचं डिझाईन रिचर्ड नॉर्मन शॉ या ब्रिटिश वास्तुविशारदाचं आणि शिल्पकाम जेम्स फोरसाइथ यांचं. त्यासाठी इंग्लंडमधला पोर्टलंड दगड वापरला गेला. १८६० च्या दशकात हे कारंजं मुंबईत उभं राहिलं. आधी ते गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावानं ओळखलं जाणार होतं, पण लोकांच्या तोंडी देवीचंच नाव बसलं.

गंमत म्हणजे हे कारंजं मुळात फोर्टसाठी नव्हतंच. ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं. कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी दात्यानं त्यासाठी मोठी देणगी दिली होती. नंतर बेत बदलला आणि कारंजं इथे आलं.

पुढे शंभर वर्षांनी उलटा प्रवास झाला. इथून जवळच असलेला सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो १९६५ मध्ये काढून राणीच्या बागेत नेण्यात आला. बागेसाठीचं कारंजं फोर्टात राहिलं आणि फोर्टातला घोडा बागेत गेला.

एवढा व्यापार इथेच का जमला?

याचं उत्तर कापसात आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, त्यामुळे भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस मुंबई बंदरातून जात होता. शहरात अचानक प्रचंड पैसा आला. बँका निघाल्या, समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा सुरू झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. अनेक जण रस्त्यावर आले. पण त्या पैशातून आणि त्या महत्त्वाकांक्षेतून जे नवं फोर्ट आकाराला येऊ लागलं होतं, ते तसंच वाढत राहिलं.

चौकाच्या आसपास एकेक संस्था येत गेली. शेअर दलाल सुरुवातीला टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली जमत. पुढे १८७५ मध्ये त्यांची संघटना झाली आणि आजचं मुंबई शेअर बाजाराचं ठिकाण, म्हणजे दलाल स्ट्रीट, चौकापासून चालत काही मिनिटांवर आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. १९२४ मध्ये टाटा समूहाचं मुख्यालय ‘बॉम्बे हाऊस’ जवळच्याच गल्लीत सुरू झालं. कारंज्याच्या शेजारी तारघर होतं. देशभरातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोपर्यंत ‘फाउंटनचं तारघर’ ही मुंबईकरांची ठरलेली खूण होती.

न्यायालय आलं की वकील येतात. वकील आले की टायपिस्ट, नोटरी, स्टॅम्प पेपरवाले आणि झेरॉक्सवाले येतात. बँका आल्या की हिशेबनीस येतात. एवढी माणसं आली की त्यांना दुपारी खायला लागतं, मग खाऊगल्ल्या, इराणी हॉटेलं आणि उडुपी हॉटेलं येतात. फोर्टची बाजारपेठ अशी एकमेकांना धरून वाढली.

डी. एन. रोडवर चालताना डोक्यावर सावली असते, तीही योगायोगानं नाही. १८९६ च्या सरकारी नियमानुसार या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची मार्गिका ठेवावी लागली. त्यामुळे इमारती वेगवेगळ्या शैलीतल्या असल्या, तरी खालून सलग चालता येतं. त्या कमानींखाली आज मोबाईल कव्हरपासून बॅगांपर्यंत सगळं विकलं जातं. मुंबईच्या पावसात या मार्गिकेची किंमत वेगळी सांगायला नको.

मुंबई कोणाची? वाद असा पेटला

स्वातंत्र्यानंतर भाषेच्या आधारावर राज्यं करावीत, ही मागणी देशभर जोर धरत होती. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं आणि मुंबई त्याची राजधानी असावी, ही संयुक्त महाराष्ट्राची मागणी.

अडचण मुंबईची होती. १९४८ मधला दार आयोग आणि त्यानंतरची नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांची जेव्हीपी समिती, दोघांचाही कल मुंबई महाराष्ट्राला देण्याच्या विरोधात होता. मुंबई वेगळी ठेवावी, असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे साधारण असे होते: शहर बहुभाषिक आहे, मराठी भाषकांची संख्या निम्म्यापेक्षा कमी आहे, व्यापार-उद्योगातलं भांडवल प्रामुख्यानं अमराठी आहे आणि हे शहर सगळ्या देशाचं आहे.

संयुक्त महाराष्ट्रवाल्यांचं म्हणणं उलट होतं. मुंबई भौगोलिकदृष्ट्या महाराष्ट्रातच आहे. तिच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे चालवणारे हात कोकणातून, घाटावरून आले आहेत. पैसा लावणाऱ्याचं शहर असतं, तर राबणाऱ्याचं का नाही? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४८ मध्ये दार आयोगापुढे केलेल्या निवेदनात मुंबई महाराष्ट्रापासून तोडता येणार नाही, अशी मांडणी केली होती.

पुढे फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालानं विदर्भ वेगळा आणि गुजरातसह मुंबईचं द्वैभाषिक राज्य सुचवलं. महाराष्ट्रात संताप उसळला. त्यावर काँग्रेसकडून आणखी एक तोडगा पुढे आला: महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई अशी तीन राज्यं. म्हणजे मुंबई महाराष्ट्राच्या बाहेरच.

२१ नोव्हेंबर १९५५: त्या दिवशी काय झालं?

२० नोव्हेंबरला गिरगाव चौपाटीवर काँग्रेसची सभा झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे नेते स. का. पाटील यांनी तिथे मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशा आशयाची भाषणं केली. लोक खवळले आणि सभा उधळली गेली.

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, कामगारांनी संप पुकारला. गिरणगावातून आणि शहराच्या वेगवेगळ्या भागांतून लोक दक्षिणेकडे निघाले. त्यांना विधानसभेवर जायचं होतं.

इथे भूगोल समजून घेतला की पुढचं लक्षात येतं. आज विधान भवन नरिमन पॉईंटला आहे. तेव्हा विधानसभा रिगल सिनेमाजवळच्या इमारतीत भरत असे. त्या इमारतीत आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे. परळ-लालबागकडून तिथे जायचं, तर बोरीबंदर, हॉर्नबी रोड आणि फ्लोरा फाउंटन हा सरळ रस्ता. म्हणजे विधानसभेच्या आधीचा शेवटचा मोठा चौक हाच. मोर्चा अडवायचा तर तो इथेच अडवला जाणार होता.

जमाव पांगवण्यासाठी पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि नंतर गोळीबार केला. त्या दिवशीच्या गोळीबारात १५ जणांचा मृत्यू झाला.

आंदोलन थांबलं नाही. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर पुन्हा पेटलं. त्या जानेवारीत ठिकठिकाणी झालेल्या गोळीबारांत सर्वाधिक माणसं गेली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. केंद्रीय अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजरात आणि महाराष्ट्राचं मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं, पण ते दोन्हीकडे नको होतं. १९५७ च्या निवडणुकीत समितीनं काँग्रेसला जोरदार धक्का दिला. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झालं आणि यशवंतराव चव्हाण त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१०५, १०६ की १०७ हुतात्मे?

दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरला सोशल मीडियावर हा गोंधळ हमखास दिसतो. १०५, १०६ आणि १०७ असे तिन्ही आकडे वाचायला मिळतात. त्यातला १०६ हा आकडा सगळ्यात जास्त रूढ आहे. आंदोलन बरीच वर्षं चाललं, गोळीबार अनेक ठिकाणी झाले आणि यादीत नावं नंतरही समाविष्ट होत गेली, म्हणून आकड्यांत हा फरक दिसतो.

दुसरा गैरसमज त्याहून मोठा आहे. हे सगळे हुतात्मे फ्लोरा फाउंटनलाच मारले गेले, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. २१ नोव्हेंबरला या चौकात झालेला गोळीबार हा त्यातला एक प्रसंग. बाकीचे अनेक जण मुंबईच्या इतर भागांत आणि मुंबईबाहेरही मारले गेले. हा चौक त्या सगळ्यांच्या नावानं ओळखला जातो.

आणखी एक गोष्ट. ही माणसं बहुतेक सामान्य घरांतली होती. गिरणी कामगार, मजूर, विद्यार्थी. मोठ्या नेत्यांची नावं पुस्तकात आली, रस्त्यांना दिली गेली. यांची नावं वाचायची तर स्मारकाजवळ थांबावं लागतं.

मशालवाले कोण आहेत?

राज्य स्थापन झाल्यावर चौकाला हुतात्म्यांचं नाव देण्यात आलं आणि स्मारक उभारलं गेलं. त्यातल्या दोन आकृती कोणा एका नेत्याच्या नाहीत. एक शेतकरी आणि एक कामगार, दोघांनी मिळून मशाल उंच धरली आहे.

हे स्मारक कुठे आहे, हे पाहण्यासारखं आहे. मागे बँकांच्या इमारती, बाजूला ब्रिटिश काळातलं कारंजं, पलीकडे दलाल स्ट्रीट. ज्या भांडवलाच्या जोरावर मुंबई वेगळी मागितली जात होती, त्याच भांडवलाच्या अंगणात शेतकरी आणि कामगार उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्राचा वाद ज्याला एका दृश्यात समजून घ्यायचा आहे, त्यानं इथे उभं राहून चारही बाजूंना पाहावं.

१ मे आणि २१ नोव्हेंबरला मुख्यमंत्री आणि इतर नेते इथे येऊन पुष्पचक्र अर्पण करतात. एरवी या चौकात मोर्चे येत नाहीत. दक्षिण मुंबईतल्या आंदोलनांसाठी आता आझाद मैदान ठरवून दिलेलं आहे.

आज इथे काय मिळतं आणि काय गेलं?

फोर्टचा बाजार ऑफिसच्या घड्याळावर चालतो. सकाळी नऊपासून गर्दी, दुपारी एक ते तीन खाऊगल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही, संध्याकाळी सातनंतर सगळे स्टेशनकडे. रविवारी हाच भाग इतका शांत असतो की कारंज्याच्या पाण्याचा आवाज ऐकू येतो.

फाउंटनची सगळ्यात लाडकी ओळख म्हणजे फुटपाथवरचे पुस्तकवाले. वीर नरिमन रोडच्या फुटपाथवर पुस्तकांचे उंच थर लावून बसणारे हे विक्रेते अनेक पिढ्यांचे ग्रंथपाल होते. जुन्या कादंबऱ्या, कायद्याची पुस्तकं, सीए आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे, सगळं घासाघीस करून मिळायचं. आता त्यांची संख्या पूर्वीच्या तुलनेत बरीच कमी झाली आहे. फोर्टातलंच टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ २०१८ मध्ये बंद झालं.

मोठी ऑफिसंही सरकली. १९७० नंतर अनेक कंपन्या नरिमन पॉईंटला गेल्या, पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजही तिकडेच आहे. फोर्ट आता शहराचं एकमेव व्यापारी केंद्र राहिलेलं नाही.

रिकाम्या होत गेलेल्या जुन्या इमारतींना नवे भाडेकरू मिळाले. हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टारबक्सचं भारतातलं पहिलं दुकान सुरू झालं. चौकातल्या इस्माईल बिल्डिंगमध्ये २०१७ मध्ये झारा आलं, २०२५ मध्ये गेलं आणि त्याजागी डिझायनर कपड्यांचं दुकान आलं. म्हणजे जुन्या इमारती टिकतात, पण त्यांना परवडणारा ग्राहक बदलत जातो. दोन पावलांवर वडापाव आणि आत लाखाचा लेहंगा, हे फोर्टात आता नवं राहिलेलं नाही.

रंगाखालची देवी आणि डांबराखालचे रूळ

फ्लोराच्या दगडावर वर्षानुवर्षं ऑइल पेंटचे थर चढवले गेले होते. पांढरी दिसावी म्हणून केलेली ही रंगरंगोटी दगडाला घातक होती. कोरीवकाम बुजलं, आतल्या पाण्याच्या वाहिन्या बिघडल्या आणि कारंजं कोरडं पडलं. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली त्याचं काम झालं. रंगाचे थर काढले गेले, मोडलेले भाग दुरुस्त झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू झालं.

याच कामाच्या वेळी, २०१७ मध्ये, रस्ता खोदताना ट्रामचे जुने रूळ सापडले. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. रूळ उखडून काढण्याऐवजी अनेक ठिकाणी त्यावर डांबर टाकलं गेलं होतं. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोक त्यावरून चालत होते आणि कोणाला पत्ता नव्हता.

आता जमिनीखालीही हुतात्मा चौक

आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रो ३ चं, म्हणजे अ‍ॅक्वा लाईनचं, काम अनेक वर्षं सुरू होतं. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्टेशनं आहेत. आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुला झाला आणि त्यात ‘हुतात्मा चौक’ हे स्टेशन आहे.

योगायोग असा की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या ‘मराठा’ दैनिकातून आणि भाषणांतून रान उठवणाऱ्या आचार्य अत्रे यांच्या नावाचं स्टेशनही याच मार्गावर आहे. जो प्रवास १९५५ मध्ये इथे येऊन अडवला गेला, तो आता जमिनीखालून काही मिनिटांत होतो.

मेट्रोमुळे नावाच्या बाबतीतही एक बदल होऊ शकतो. आजवर पाटीवर ‘हुतात्मा चौक’ आणि बोलण्यात ‘फाउंटन’ असंच चालत आलं. आता डब्यात दर काही मिनिटांनी घोषणा होते ती हुतात्मा चौकाची. मुंबईत नव्यानं आलेल्या माणसाच्या कानावर आधी हेच नाव पडेल.

पाहायला जायचं असेल तर

रविवारी सकाळी जा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत या, नाहीतर थेट मेट्रोनं उतरा. आधी स्मारकापाशी थांबा, मग कारंजं पाहा. तिथून वीर नरिमन रोडनं पूर्वेला गेलात, तर सेंट थॉमस कॅथीड्रल आणि हॉर्निमन सर्कल दिसेल. पुन्हा चौकात येऊन डी. एन. रोडच्या कमानींखालून सीएसएमटीपर्यंत चाललात की फेरी पूर्ण. हे सगळं दीड-दोन तासांत होतं आणि पैसे लागतात ते फक्त चहा-बनमस्क्याचे.

पुस्तकं आणि खाऊगल्ली हवी असेल, तर मात्र कामाच्या दिवशी यावं लागेल.

थोडक्यात

- १७१८: सेंट थॉमस कॅथीड्रल सुरू, त्यावरून चर्च गेट हे नाव.
- १८६० चं दशक: फोर्टची तटबंदी पाडली, फ्लोरा फाउंटन उभं राहिलं.
- १८९६: हॉर्नबी रोडवरच्या इमारतींना कमानींची मार्गिका सक्तीची.
- २१ नोव्हेंबर १९५५: चौकात गोळीबार, १५ जणांचा मृत्यू.
- १ मे १९६०: मुंबईसह महाराष्ट्राची स्थापना; त्यानंतर चौकाला हुतात्म्यांचं नाव.
- ३१ मार्च १९६४: मुंबईतली शेवटची ट्राम.
- जानेवारी २०१९: दुरुस्तीनंतर कारंजं पुन्हा सुरू.
- ऑक्टोबर २०२५: हुतात्मा चौक मेट्रो स्टेशन खुलं.

टॅक्सीवाल्याला फाउंटन सांगितलं, तरी तो त्याच जागी आणून सोडेल. फक्त उतरल्यावर सिग्नल सुटेपर्यंत एकदा मशालीकडे पाहायला हरकत नाही. मुंबईच्या पत्त्यात ‘महाराष्ट्र’ लिहिता यावं, यासाठी या चौकात एका दिवसात १५ माणसं गेली आहेत.